दमाचा आकडा

दवाखान्याच्या लांब बोळात दोन नारिंगी शंकू,
मधे तीस मीटर फरशी.
मुबीना मुजावर, माझ्या धाकटीच्या वयाची,
स्टॉपवॉच हातात धरून म्हणाली,
"काका, सहा मिनिटं. पळायचं नाही.
दमलात तर थांबा, घड्याळ थांबणार नाही."

बावीस वर्षं हेच मी पोरांना सांगत आलो
शाहू स्टेडियमच्या चिखलात,
दोन पेठांच्या मधोमध उभा राहून.
घड्याळ तेव्हा माझ्या मनगटावर असायचं.
शिट्टीही माझीच.

दोनशे चार मीटर.
या गोलपासून त्या गोलपर्यंत, आणि परत.
तेवढ्यात दोनदा भिंतीला टेकलो.

छाती दुखली नाही.
सगळ्यांना वाटतं तीच दुखत असणार.
आधी पोटऱ्यांनी हाक मारली, रक्त धाडा,
वरून निरोप आला, आहे त्यात भागवा.
मग पोटऱ्या पेटल्या,
आणि श्वास आला धावत, उशिरानं,
दंगल मिटल्यावर पोलीस येतात तसा.

ईकोत पंपिंग अठ्ठावीस टक्के.
पस्तिसाला पास धरलं
तरी सात मार्कांनी मागं.

"नाडी मोजत बसू नका," मुबीना म्हणाली,
"गोळी तिला वर जाऊ देत नाही.
दमाला आकडा द्या.
सहा म्हणजे खुर्चीत निवांत,
वीस म्हणजे आता जीव जातोय.
तुम्ही अकरा ते तेरात राहायचं.
आणि चालताना बोलता आलं पाहिजे."

पंचाला कुणी कधी विचारलं होतं
की बाबा, तू किती दमलास?

रंकाळ्यावर सकाळी सहाला,
पहिल्या आठवड्यात एका बाकापासून दुसऱ्या बाकापर्यंत.
शालन शेजारनं चालायची आणि बोलायला लावायची.
भाजीचे भाव झाले. जावयाची बदली झाली.
व्याह्यांची भांडणं संपली.
संध्यामठाच्या समोर एकदा तिनं विचारलं,
"त्या फायनलची पेनल्टी,
ज्यासाठी आपल्या दारावर दगड पडले,
ती खरी होती का हो?"

तीस वर्षं मी व्हय म्हणत आलो होतो.
धापेत खोटं बोलायला जास्तीचा दम लागतो,
तेवढा शिल्लक नव्हता.
"नव्हती," म्हणालो.
"चेंडू... छातीला... लागला होता. मला... हात दिसला."
ती काही बोलली नाही.
पुढच्या बाकापर्यंत दोघंही चूप,
चाचणी म्हणाल तर नापास.
मग तिनं आकडा विचारला.
बारा, म्हणालो. बाराच होता.

तीन महिने गेले. रोज वजन, मोजून पाणी,
मिठाच्या बरणीकडं पाठ.
त्याच बोळात, त्याच शंकूंमधे
दोनशे ब्याण्णव मीटर, भिंत न धरता.
ईकोत मात्र एकोणतीस.
म्हटलं, मग वाढलं काय?
"पाय शिकले," मुबीना म्हणाली,
"येईल तेवढ्या रक्तातून जास्त काढून घ्यायला."
शालन हसली, "त्यात काय शिकायचं?
तुमचा पगार अडकायचा तेव्हा
घर कोण चालवत होतं?"

काल पोरं खेळत होती तळ्याकडेच्या मोकळ्या जागेत.
चेंडू गडगडत माझ्या पायाशी आला.
लाथ मारली नाही. वाकलो, उचलला,
डोळ्यांपुढं अंधारी नाही.
"काका, थ्रो कुणाचा?"
डावा हात वर केला, दिशा दाखवली.
"ए, चुकतंय म्हाताऱ्याचं!" एक जण ओरडला.

चुकलं असेल.
हात मात्र तसाच वर धरून होतो
चेंडू आत येईपर्यंत,
आणि शालन मागून विचारत होती,
"किती?"